साय आणि राख

घरातली भांडणे बहुधा ठळक कारणांवरून होतात. जमिनीचा बांध, सोन्याची बांगडी, लग्नातला मानपान यांसारखे काहीतरी डोळ्यांत भरणारे कारण लागते. आमच्या घरात गेल्या वर्षी जे भांडण झाले, त्याचे कारण मात्र इतके फिकट होते की पाहुण्याला बोट ठेवून दाखवल्याशिवाय ते दिसत नसे. भांडण दोन रंगांचे होते. एक रंग पांढरा होता आणि दुसराही पांढराच!

आमचे मूळ घर एडवणचे. पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्टेशनवर उतरावे, एस. टी. किंवा रिक्षा धरावी आणि खारा वारा अंगाला चिकटू लागला की गाव जवळ आले असे समजावे. आशापुरी देवीचे देऊळ, नारळीच्या वाड्या आणि पलीकडे समुद्र. मी पोटामागे धावत दादरला आलो तो दादरचाच झालो. थोरले बंधू मात्र गाव धरून राहिले. त्यांची सारी नोकरी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात झाली. त्यामुळे रंग या विषयावर घरात शेवटचा शब्द आपला, असे ते निवृत्तीनंतरही मानतात. आई त्यांच्याजवळ असते. तिचे वय ८२.

आईची खोली घराच्या पश्चिमेला. एक खिडकी, तिच्याबाहेर वाडी. आमच्या लहानपणी या खोलीच्या रंगाबद्दल कोणाचे दुमत होण्याची सोयच नव्हती. दसरा जवळ आला की पिंपात कळीचा चुना पडे, वर पाणी ओतले की तो खदखदू लागे आणि आई आम्हां मुलांना दहा हात लांब उभे करी. निवला की तो फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक घालायचा, आणि शेवटी आई स्वतःच्या हाताने निळीची पुरचुंडी त्या पाण्यात दोनदा फिरवी. दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. "चुन्याला नीळ आणि जेवणाला मीठ," ती म्हणे, "आहे असं कळता कामा नये, नाही असंही कळता कामा नये." त्या भिंती दिवाळीच्या पणत्यांत अशा काही उजळत की अजून पांढरे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तोच पांढरा येतो.

पुढे घराला सिमेंटचा गिलावा झाला, चुना गेला, डिस्टेंपर आले. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र त्या खोलीच्या भिंतीला जागोजाग खार फुटला आणि पोपडे पलंगावर पडू लागले. आईला खोकला सुटला तेव्हा दादांनी फोन केला, "दिवाळीपूर्वी खोली नीट करून घेऊ. तू येताना रंगाचं कार्ड आण."

मी दादरच्या दुकानातून कार्ड नेले. कार्ड कसले, ती पोथीच होती! पांढऱ्या रंगाचीच त्यात इतकी घरे की मनुष्याने आयुष्यात कधी पांढरे काही पाहिलेच नव्हते की काय, असे वाटावे. काटछाट करता करता दोन उरले. त्यांची कार्डावरची इंग्रजी नावे मोठी काव्यमय होती, पण आमच्या वहिनींनी एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "ही तापवलेल्या दुधावरची साय, आणि ही चुलीतली राख." झाले! त्या क्षणापासून त्या रंगांची नावे साय आणि राख अशीच पडली.

पांडव एकीकडे आणि कौरव एकीकडे अशी सरळ वाटणी झाली असती तर निकाल लवकर लागता. पण येथे नवरे एकमेकांच्या विरुद्ध आणि बायका नवऱ्यांच्या विरुद्ध! दादा राखेच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, खोली पश्चिमेची. संध्याकाळचे तांबूस ऊन आत आले की साय हळदीच्या दुधासारखी दिसेल. मी सायीच्या बाजूचा. दुपारी वाडीतला हिरवा उजेड आत येतो, त्यात राख आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसेल, असा माझा मुद्दा. वहिनी सायीकडे. "ऐन दिवाळीत घराला राख फासायची? शोभतं का?" आमची ही राखेकडे, कारण साय दोन वर्षांत धुरकटते आणि तेलकट दिसू लागते, हा तिचा दादरच्या स्वयंपाकघरातला अनुभव.

दादांनी मग आम्हांला रंगशास्त्राचा पहिला धडा दिला. ते म्हणाले, दोन्ही रंगांचा डबा मुळात एकच. आतले पांढरेपण असते ते टायटॅनियम डायऑक्साइडचे. आणि हे द्रव्य जिच्यातून काढतात ती इल्मेनाइटची वाळू रंगाने काळी! आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती आहे, केरळात आहे. पूर्वी पांढऱ्या रंगात शिसे असे आणि ते मुलांच्या मेंदूला घातक. आता २०१६ च्या नियमांप्रमाणे घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त चालत नाही. तर अशा पांढऱ्या डब्यात दुकानातले यंत्र पिवळ्या मातकट रंगाचे काही थेंब सोडते, त्याची साय होते. काळ्याचे सोडले की राख. "म्हणजे," दादा म्हणाले, "तुम्ही चौघे भांडता आहात ते चार थेंबांसाठी." आपण त्या चौघांत आहोत हे ते सोयीस्करपणे विसरले होते.

रंगारी शहाणा होता. त्याने भिंत खरवडली, लांबी भरली, काचपेपर मारला आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर हात-हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन शेजारी शेजारी रंगवले. एक सायीचा, एक राखेचा. दोन-दोन हात दिले. "चार दिवस बघा काका," तो मला म्हणाला, "कार्डावर बघून रंग घेणं म्हणजे फोटो बघून मुलगी करणं."

त्या चार दिवसांत आम्ही त्या भिंतीकडे जितके पाहिले तितके कोणी देवाकडे पाहत नसेल. सकाळी सहाला, दुपारी बाराला, मावळतीला, रात्री पिवळ्या बल्बखाली आणि पुन्हा पांढऱ्या ट्यूबखाली. आणि गंमत अशी की प्रत्येकाचे म्हणणे दिवसातून एकदा तरी खरे ठरे. मावळतीला साय खरोखर हळदीची झाली; दुपारी राखेवर खरोखर हिरवट कळा आली. ट्यूबखाली राख उजवी, बल्बखाली साय उजवी. एवढेच नव्हे, तर साय पिवळी दिसे ती शेजारी राख होती म्हणून. हाताने राखेचा चौकोन झाकला की सायही निखळ पांढरी वाटे. हा शोध काही आमचा नव्हे. पॅरिसच्या गोबेलीं या गालिच्यांच्या सरकारी कारखान्यात शेव्हरूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी विणकरांची तक्रार आली तेव्हा त्याने धागा तपासला. रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारच्या धाग्यांची होती! त्यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. गृहस्थ १०२ वर्षे जगला. इतक्या शांत चित्ताचा मनुष्य आमच्या घरात चार दिवसही टिकला नसता.

दादांची मुलगी पदार्थविज्ञान शिकते. तिने आगीत तेल ओतले. म्हणाली, "काका, २००२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी दोन लाखांवर दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला. जानेवारीत जाहीर केलं, फिका हिरवट निळा. मार्चमध्ये म्हणाले, चुकलं. पांढरं कशाला म्हणायचं हेच गणितात चुकलं होतं. खरा रंग सायीचा!" मी अर्थातच विजयी मुद्रेने दादांकडे पाहिले. दादा म्हणाले, "विश्वाला पश्चिमेची खिडकी नाही."

पाचव्या दिवशी रंगारी डबे कोणते आणू म्हणून विचारायला आला, तेव्हाही आमचे चालूच होते. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ज्यांची खोली आहे त्यांना विचारलंत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. विचारले नव्हते! जिच्या खोलीसाठी हे सारे चालले होते ती आई त्याच खोलीत, त्याच पलंगावर बसून चार दिवस आमची भांडणे ऐकत होती. दादा तिच्याजवळ बसून म्हणाले, "आई, तूच सांग. यातला कुठला रंग लावायचा?"

"कुठल्यातला?"

"हे दोन चौकोन बघ. हा इकडचा, आणि हा तिकडचा."

आईने मान पुढे केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "दोन्ही एकच आहेत की रे! म्हातारीची थट्टा करता का?"

आम्ही सारे पोट धरधरून हसलो. रंगारीही हसला. चार दिवसांच्या महायुद्धावर इतके सुंदर भाष्य दुसऱ्या कोणाला सुचले नसते. "झाला निकाल," दादा म्हणाले, "कुठलाही आण!"

हसली नाही ती एकटी पुतणी. ती खिडकीतून बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत होती. दोरीवर दादांचे तीन बनियन होते. ते निळे होते.

त्या निळ्या बनियनांचा इतिहास घरात सर्वांना ठाऊक होता. सारे कपडे यंत्रात जात. पण पांढरे कपडे आई अजून स्वतः बादलीत खळबळवी आणि नीळ देई. त्या वयातला तेवढाच तिचा हट्ट, म्हणून कोणी अडवत नसे. वर्ष-दीड वर्ष झाले, ते कपडे निळे निघू लागले होते. वहिनी आमच्या हिच्याजवळ हळूच म्हणत, "सासूबाईंचा हात हल्ली फार सुटलाय निळीवर." दादा म्हणत, "वय झालं." मी दादरहून गेलो की त्या बनियनांवरून दादांना 'नीलकंठ' म्हणे. आणि आई म्हणे, "हल्लीचं कापडच खोटं. पांढरं म्हणून निघत नाही."

पुतणी आईजवळ गेली. तिने पांढरा रुमाल आणि एका जुन्या वहीचे पिवळट पान तिच्यापुढे धरले आणि विचारले, "आजी, यातलं जास्त पांढरं कुठलं?" आईने दोन्ही वस्तू हातांत घेतल्या आणि चाचपू लागली. ती रंग बोटांनी ओळखायला पाहत होती.

तेव्हा कोणीही हसले नाही.

दुसऱ्याच दिवशी आईला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो काही त्या महिन्यातला नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की डोळ्यातले भिंग वयाबरोबर नुसते धूसर होत नाही, ते पिवळे-तपकिरीही होत जाते आणि आत येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग अडवते. हे इतके सावकाश होते की ज्याचे होते त्याला कळत नाही. चहाच्या रंगाच्या काचेतून जग पाहावे तसे. त्या काचेतून साय आणि राख वेगळी कशी दिसावी? निळीचे विचारले तेव्हा ते म्हणाले, त्याचेही कारण हेच असू शकेल. तिच्या डोळ्याला पांढरे दिसेपर्यंत ती नीळ घालत असणार.

परत येताना गाडीत मी आणि दादा शेजारी बसून एक शब्द बोललो नाही. मनात हिशेब चालू होता. एका भिंतीकडे आम्ही चार दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच उजेडांत पाहिले होते. आईच्या डोळ्यांकडे दीड वर्षात एकदाही पाहिले नव्हते. ती दोनदा उंबऱ्याला अडखळली होती. आम्ही "सावकाश चाल" म्हणालो. पोथी वाचायची सोडली. आम्ही म्हणालो, कंटाळली असेल. ताटातले मीठ तिला दिसेना. आम्ही म्हणालो, विसरते. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एकच रंग होता, वय झाले. आपल्या देशात पन्नाशीपुढच्या माणसांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हे आहे, असे मी कितीदा तरी वाचले होते. पण ते कोठल्या तरी दूरच्या खेड्यातल्या, कोणी पाहणारे नसलेल्या म्हाताऱ्यांविषयी असते, अशी माझी समजूत. आमच्या घरात पाहणारे चांगले चार जण होते!

त्या दिवाळीत भिंत तशीच राहिली. दोन चौकोनांसमोर पणती लावली आणि दिवाळीनंतर आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती घाबरली होती. तिच्या आठवणीतला मोतीबिंदू म्हणजे आठवडाभर हलायचे नाही आणि मग नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आता जुने भिंग काढून तेथे नवे पारदर्शक भिंग बसवतात आणि त्याच दिवशी घरी पाठवतात, हे तिला खरे वाटेना. तिला धीर द्यावा म्हणून मी त्या भिंगाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे कण घुसत. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरने पाहिले, की हे कण डोळ्यात असूनही डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून त्याने १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. आई शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे कोणाचं तरी वाईट झालं, ते माझ्या कामी आलं."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आली ती आपल्या पलंगावर बसली आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मग तिने एक डोळा तळहाताने झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा पहिला. लहान मूल नवा खेळ सापडल्यावर करते तसे.

"अरे," ती म्हणाली, "हे तर दोन आहेत!"

"काय दिसतं आई?"

"या नव्या डोळ्याने बघितलं की इकडचं सायीसारखं आणि तिकडचं राखेसारखं. आणि त्या जुन्याने बघितलं की दोन्ही चहात बुडवल्यासारखी." ती थोडे थांबली. "म्हणजे तुम्ही थट्टा करत नव्हतात."

क्लोद मोने या मोठ्या फ्रेंच चित्रकाराचा मोतीबिंदू १९२३ मध्ये काढला तेव्हा तोही ८२ वर्षांचाच होता, आणि नंतर सारे निळेच दिसते म्हणून तो डॉक्टरांवर चिडला होता. आमची आई चिडली नाही. तिने एकेक करून आम्हां सर्वांकडे नव्या डोळ्याने पाहून घेतले. दादांना म्हणाली, "तुझे केस एवढे कधी रे पिकले?" मला म्हणाली, "तू वाळलास." आणि मग तिची नजर दादांच्या अंगावरच्या बनियनवर गेली.

"हा निळा कशाने झाला?"

खोलीत कोणी श्वास घेईना. तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या आणि सहज म्हणाल्या, "माझ्याच हातून नीळ जास्त पडली, सासूबाई. तुमच्यासारखा अंदाज मला कुठला?"

आई म्हणाली, "दोनदा फिरवायची. तिसऱ्यांदा नाही."

त्या दिवसापासून आमच्या वहिनींपुढे मी रंगाचा वाद घालत नाही.

दुसरा डोळा पुढे महिन्याभराने झाला आणि मगच रंगारी आला. आईला पुन्हा विचारले. ती म्हणाली, "भिंतीला कुठलाही लावा. मला उंबरा दिसला पाहिजे." चौघांच्या इतक्या वादात उंबरा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता! आमच्या पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र उठून दिसायचे तर मागे भिंत गेरूची लागते. आमच्याकडे उलट झाले. भिंतीला राख लागली, कारण आईने निळीच्या चुन्याच्या जवळचा म्हणून अखेर तोच निवडला. आणि चौकटीला, उंबऱ्याला, दिव्याच्या बटणांच्या पाटीला गेरूसारखा तांबडा रंग दिला. आता ती रात्री उठली तरी कोठे अडखळत नाही.

मात्र सायीचा तो हातभर चौकोन तिने पुसू दिला नाही. दादांना वाटले, माझी समजूत काढण्यासाठी. मलाही तसेच वाटले होते.

यंदा गणपतीला गेलो तेव्हा पाय धुऊन तिच्या खोलीत गेलो. नमस्कार करून उठतो तो तिने मला दंडाला धरून भिंतीसमोर उभे केले. मी आता साठीचा आहे.

"किती रंग दिसतात?" तिने विचारले.

"दोन."

"एक डोळा झाकून सांग."

मी झाकला. "दोन."

"दुसरा."

"दोनच, आई."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, "चल, पानं वाढलीत."